ओट्यावरची बैठक

१० एप्रिल १९७४, बुधवार. येलदरी.

आई आली. लिंबाजीनं वालूरहून आणून सोडलं, जेवला आणि लगेच माघारी गेला. सख्खा मोठा भाऊ, पण माझ्या क्वार्टरमध्ये आला की तहसीलमध्ये आल्यासारखा अवघडून बसतो. मला राग येतो. आपल्या भावाचं घर आहे, पाय पसरून बस की!

आईला सगळं घर फिरवून दाखवलं. दोन खोल्या, मागं मोरी, पुढं लांबरुंद ओटा, खोलीखोलीत विजेचा दिवा. म्हणलं, आई, ही वीज इथल्या धरणावरच तयार होते, तुझ्या लेकाच्या ऑफिसच्या पलीकडं. (मी कारकून आहे. वीज काही मी करत नाही. पण आईला तेवढं कशाला सांगायचं.) सगळ्यात शेवटी ओट्याच्या टोकाचा संडास दाखवला. पांढरं भांडं, सिमेंटची जमीन, आतून कडी. आमच्या सगळ्या पिढ्यांत पहिलाच. बटन दाबून आतला दिवापण लावून दाखवला.

आईनं लांबूनच बघितलं. "घरातच?"

"घरात कुठं, ओट्यावर हाय."

"ओट्यावर बसलेल्या माणसाला दिसतंय की रं, कोण आत गेलं, कोण बाहीर आलं."

"दिसू दे. चोरी करायलोय का आपण?"

माझी बायको सत्यशीला चुलीपाशी बसून हसली. हिला कशाचं हसू येतं काही कळत नाही.

१४ एप्रिल, रविवार

जयंती झोकात झाली. वसाहतीतली आपली सगळी घरं आली. मी अध्यक्ष, म्हणजे खुर्च्या पण मीच आणल्या आणि भाषण पण मीच केलं.

संध्याकाळी ओट्यावर बैठक. या बैठकीबद्दल कधीतरी लिहायचंच होतं. रोज दिवस कलला की ओव्हरसियर भगवानराव येतात, अजून दोघंतिघं येतात, मी पेपर वाचून दाखवतो आणि मग वादावादी. भगवानराव पाटलाघरचे. माझा बाप पाटलाच्या ओट्यासमोरून जाताना चपला हातात घ्यायचा. आणि आज पाटलाघरचा माणूस माझ्या ओट्यावर मांडी घालून बसतो, माझ्या घरचा चहा बशीत ओतून फुर्र करून पितो. दिवे लागले तरी उठत नाहीत, जेवायची वेळ होते. उठू नयेत असंच मला वाटतं. ओटा भरलेला बघून माझी छाती भरून येते, खोटं कशाला बोलू.

आज बैठकीतच ठरलं की बुद्धपौर्णिमेला मोठा कार्यक्रम घ्यायचा. आमच्याच क्वार्टरसमोर मंडप, कर्णा, परभणीहून पाहुणे. आणि आईचा सत्कार! ही माझी कल्पना. छप्पन साली दीक्षेनंतर घरातले देव बुडवायला गावात कुणी हात लावीना. मरीआईचा कोप होईल म्हणून चांगले मिशीवाले गडी मागं सरले. आई उठली, सगळ्या घरचे देव टोपल्यात भरले, टोपलं डोक्यावर घेतलं, एकटी पूर्णेवर गेली आणि धारेत सोडून आली. मागं वळून बघितलं नाही.

आईला सांगितलं तर म्हणाली, "मला काई बोलायचं न्हाई हं तिथं."

"तू नुसती बस. बोलायला मी हाय."

१९ एप्रिल, शुक्रवार

ऊन मी म्हणतंय. ऑफिसातले कागद हाताला चिकटायलेत.

आईनं चहा सोडला. दुपारनंतर पाण्यालाही तोंड लावत नाही. म्हणलं असं का, तर म्हणे रानात राबून तहान मारायची सवय लागलेली. जुनी माणसं टणक. आमचं एका तांब्यानं भागत नाही.

सत्यशीला आज विनाकारण भांडली. म्हणे, बैठक भगवानरावांच्या लिंबाखाली न्या, तिकडं सावलीपण हाय. मी विचारलं, का? तर म्हणे, आत्याबाईला अवघड होतं. म्हणलं, आईला काय अवघड? ती आत, आम्ही बाहेर. तिला चहा करावा लागतो का? हिलाच चहा करायचा कंटाळा आलाय आणि नाव आईचं. मग मी तिला सरळ सांगितलं, की ही बैठक म्हणजे नुसती बैठक नाही, माझ्या बापाच्या हातातल्या चपला आहेत त्या. बराच वेळ सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि भांडी घासायला गेली.

बायकांना सामाजिक प्रश्न पटवून देणं अवघड आहे.

२६ एप्रिल, शुक्रवार

आईचं पोट दुखायलंय. सत्यशीला म्हणाली, उन्हाळी लागलीय. या दिवसांत कुणाला लागत नाही! तिनं धण्याचं पाणी करून दिलं. आईनं दोन घोट घेतले आणि वाटी सरकवली. मी जास्त विचारलं नाही. बायकांचं बायकांनी बघावं.

मंडपवाला जिंतूरचा ठरवला. कर्णा त्याचाच.

३० एप्रिल, मंगळवार

आज गंमत झाली. आईनं सत्यशीलेला कडूबाई म्हणून हाक मारली. कडूबाई म्हणजे आईची धाकटी बहीण, मी लहान असतानाच वारली. वर विचारते, "शेळी बांधलीस का?" सत्यशीला म्हणाली, बांधली. दोघी हसल्या.

पण संध्याकाळी आईनं मला विचारलं, "तुमी कोणाकडं आलाव?"

"आई, मी बन्सी."

"बन्सी शाळंत गेलाय," म्हणाली. मला अहोजाहो करत होती. आपल्याच आईनं आपल्याला अहोजाहो करणं लय वाईट. कालपरवापर्यंत धडधाकट होती, सत्काराला कोणतं लुगडं नेसू म्हणून विचारत होती. म्हातारपण असं एका दिवसात येतं का?

१ मे, बुधवार

सुट्टी. पण सुट्टी कसली.

सकाळपासून आई मरीआईचं नाव घ्यायलीय. आधी पुटपुटत होती, मग मोठमोठ्यानं. "टोपलं काढा रं! देव गुदमरायलेत! पाणी लय झालंय, धरणाचं पाणी लय झालंय, काढा त्यास्नी!" अंगावरचा पदर फेकते, दाराकडं धावते. मध्येच पेंगते, हलवलं तरी उठत नाही. पुन्हा जागी झाली की तेच.

मी दारं-खिडक्या लावून घेतल्या. पलीकडच्या क्वार्टरमध्ये ऐकू गेलं असेलच. मग तिच्यासमोर बसून समजावलं. आई, तू बौद्ध आहेस. तू स्वतः बुडवलेस देव. तिथं काही नव्हतं, दगड होते, पितळ होतं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "पाटील, माझ्या लेकराला मारू नका."

मी ओरडलो तिच्यावर. लिहायला लाज वाटते, पण ओरडलो. अठरा वर्षं झाली दीक्षेला. म्हणजे इतकी वर्षं हे सगळं हिच्या आत तसंच होतं का? आपण नुसते भिंतीवरचे फोटो बदलले की काय? ज्या बाईची गोष्ट मी गावोगाव सांगितली तिच्याच मनात मरीआई बसलेली असेल, तर मी आजवर काय बोलत आलो?

बैठकीला सांगितलं, आईला ऊन बाधलंय.

३ मे, शुक्रवार

लिंबाजी आला. कुणीतरी वालूरला निरोप पोचवला. सत्यशीलेनंच पोचवला असणार. आईला बघून हुंदका आवरेना त्याला. मग मला बाजूला घेतलं.

"बन्सी, मी तिला घेऊन जातो. पिंपळाखाली मरीआईचं ठाणं हाय, तिथं नारळ फोडतो. कोंबडं म्हणलं तर कोंबडं."

"लाज वाटती का तुला? दीक्षा घेतलीस ना?"

"घेतली. पण माय मरायलीय माझी. ती बरी झाली तर पुन्यांदा घेतो दीक्षा, काय बिघडतंय?"

आमची जुंपली. मी म्हणलं, पौर्णिमा झाल्याशिवाय आई या घरातून हलणार नाही. लोक म्हणतील, अध्यक्षाची आईच देवाला शरण गेली. लिंबाजी म्हणाला, "तुला आई पायजे का तुझा कारेक्रम?" मी म्हणलं, दोन्ही. तो ओट्यावर जाऊन बिडी ओढत बसला.

सत्यशीला म्हणाली, दोघं भांडू नका, परभणीच्या सरकारी दवाखान्यात दाखवू. अंग कढत लागतंय. मी म्हणलं, ऊनच इतकं आहे. आणि डॉक्टर म्हातारपणावर काय औषध देणार? विचारांवर काय औषध देणार? पौर्णिमा होऊ दे, मग बघू.

तिनं फडकं ओलं करून आईच्या कपाळावर ठेवलं. ती अशी कामाला लागली की मला जास्त त्रास होतो.

६ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा.

कार्यक्रम यशस्वी झाला. मंडप भरला, पाहुणे वेळेवर आले. भगवानरावांनी स्वतः हार आणले.

दुपारी आई पुन्हा हाका मारायला लागली. पाहुणे येऊन बसले आणि आई दारात, उघड्या डोक्यानं, तोंडात मरीआई. मी तिला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी लावली. थोड्याच वेळाचा प्रश्न होता. सत्यशीला पाहुण्यांच्या जेवणात अडकलेली, लिंबाजीला मुद्दामच पाणी आणायला पाठवलेलं. लोकांना सांगितलं, आईची तब्येत बरी नाही, सत्कार तिच्या वतीनं मी घेतो.

भाषण चांगलं झालं. टोपल्याची गोष्ट पण रंगवून सांगितली. टाळ्या थांबेनात. पाहुणे म्हणाले, ही गोष्ट जिल्हाभर गेली पाहिजे.

मग कडी काढली. आई भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली. लुगडं ओलं. डोळे उघडे, पण त्यांत कुणी नाही. हाक मारली, हलवली, काही नाही. सत्यशीला आली, तिनं आईच्या कपाळावर हात ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी नजर खाली घातली.

७ मे, मंगळवार. परभणी.

सकाळीच भगवानरावांनी ऑफिसची जीप मिळवून दिली. वाटेत आई सत्यशीलेच्या मांडीवर. लिंबाजी पुढं बसून रडत होता. मी कुठं बघावं मला समजेना.

बायकांच्या वॉर्डात डॉक्टरीणबाई आहेत. वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला फटकळ. आईच्या पोटावर हात दाबून बघितला, पापण्या वर करून बघितल्या आणि पहिलाच प्रश्न मला केला.

"लघवी कशी होते यांना? कधी झाली शेवटची?"

माझे कान तापले. आजवर आईबद्दल असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "बाई, तिचं डोकं बिघडलंय. देवाचं बोलते."

"डोक्याचं मी नंतर बघते. लघवीचं सांगा."

मला माहीत नव्हतं. तिचा मुलगा मी, एका घरात राहतो, मला काहीच माहीत नव्हतं. सत्यशीला पुढं झाली. आणि मग तिनं सगळं सांगितलं, माझ्यासमोर, लिंबाजीसमोर, डोक्यावर पदर घेऊन पण सरळ आवाजात. की आत्याबाई दिवस उगवायच्या आधी एकदा जातात. दिवसभर ओट्यावर कुणी ना कुणी येतं-जातं, संध्याकाळी तर पुरुषांची बैठक. त्यांच्यासमोरून संडासाचं दार उघडून आत जाणं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. मोरीत जा म्हणलं तर म्हणतात, चुलीपाशी घाण करू का? म्हणून दाबून धरतात. आणि जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. मग आग व्हायला लागली, थेंब थेंब व्हायला लागलं, आणि मग हे.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हणालो.

"सांगितलं की. बैठक हलवा म्हणलं, तर तुमी पाटलाच्या ओट्यावरून भाषण दिलं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, लघवीच्या जागेत जंतू झालेत, ते वर चढलेत. म्हाताऱ्या माणसाचं असंच असतं, दुखणं असतं खाली आणि भरकटतं डोकं. आपल्यासारख्याला नुसती आग होते, ताप येतो. यांना माणसं ओळखू येत नाहीत, मेलेली माणसं दिसतात. घरचे म्हणतात वेड लागलं, भूत लागलं, म्हातारपण आलं, आणि उशीर करतात.

"पण मरीआईच का?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

"मागच्या आठवड्यात याच खाटेवर एक बाई होती, ती रात्रंदिवस सासूला शिव्या द्यायची. जे सापडेल ते बाहेर येतं हो. तुम्ही तिच्या तोंडाकडं बघत बसलात. पोटाकडं कुणी बघितलं नाही."

वाचेल का, विचारलं. म्हणाल्या, उद्या-परवा कळेल. सलाईन लावलंय, इंजेक्शनं चालू केलीत.

९ मे, गुरुवार

आई तशीच आहे. मध्येच कण्हते. लिंबाजी पायथ्याशी बसून तिचे तळवे चोळतो. आम्ही दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाही, पण चहा एकाच कपातून अर्धा-अर्धा घेतो.

वॉर्डात पुरुषांना फार वेळ थांबू देत नाहीत. बाहेर कडुलिंबाखाली बसून विचार करतो. खरं सांगायचं तर परवा डॉक्टरीणबाईंचं ऐकून मला आधी बरं वाटलं. म्हणजे आईच्या मनात देव नव्हते, जंतू होते. माझी गोष्ट खोटी ठरली नाही. आई इकडं मरायला टेकलेली आणि मला माझ्या गोष्टीची काळजी. असला कसला माणूस मी?

मरू नको आई. माझं सगळं चुकलं, पण मरू नको.

११ मे, शनिवार

ओळखलं! सकाळी मी खाटेपाशी गेलो तर म्हणाली, "बन्सी, दाढी का केली न्हाईस?" मी बाहेर जाऊन लिंबाजीच्या गळ्यात पडलो. तो म्हणाला, "अरं सोड, लोक बघायलेत."

आईचं सगळं सत्यशीलेला एकटीला करू देत नाही आता. लघवीचं भांडं मी धुतो. पहिल्यांदा तोंड फिरवलं, मग काही वाटलं नाही. आया म्हणाली, "लेक हाय का जावई?" लेक, म्हणलं.

दिवसाकाठी किती वेळा लघवी झाली हे डॉक्टरीणबाई मलाच विचारतात आणि मी सांगतो. आईला विचारायला पहिल्यांदा जीभ उचलेना. तिनंच सोडवलं. म्हणाली, "विचार की, लघवीच हाय, त्यात काय एवढं." आम्ही दोघंही हसलो.

१५ मे, बुधवार

उद्या सुट्टी मिळणार. आई आता उठून बसते, भाकरी कुस्करून खाते, शेजारच्या खाटेवरच्या बाईला सुनेशी कसं वागावं ते सांगते. ठणठणीत.

मी म्हणलं, आई, बैठक बंद केलीय. ओट्यावर आता कुणी येणार नाही. मिस्त्रीला सांगून संडासाला मागच्या बाजूनं दार पाडून घेतो. आई म्हणाली, "बैठक कशाला बंद करतोस? चांगली माणसं येत्यात. लिंबाखाली बसा की." मग म्हणाली, "पण मी आता वालूरलाच जाते. लिंबाजीच्या रानात मोकळं हाय. पाऊस झाला की येईन तुझ्याकडं."

मी थांब म्हणलं नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार.

लिंबाजी आणि सत्यशीला औषधं आणायला गेले होते. आम्ही दोघंच. इतक्या दिवसांपासून विचारायचं होतं ते विचारलं.

"आई, त्या दिवसांतलं काई आठवतंय का तुला?"

"कसलं?"

"मरीआईला हाका मारायलतीस. टोपलं काढा, देव गुदमरायलेत, म्हणायलतीस."

"मी? आगं माय!" ती तोंडाला पदर लावून हसली. "मीच नेऊन सोडले आणि मीच काढा म्हणायलते? न्हाई रं बाबा, काईच आठवत न्हाई."

माझ्या जिवात जीव आला. पाणी देऊ का, विचारायला लागलो, तर तीच म्हणाली, "एक आठवतंय. कडी."

"कोणती कडी?"

"बाहीरून लावलीस ती. मला लघवीला जायचं होतं रं. लय आग व्हायलती. दार बडवलं, हाका मारल्या. पण तू कर्ण्यावर बोलायलतास, कोणाला ऐकू येणार."

मी तिच्या पायाशी बसलो होतो. तिथून हललो नाही.

"मग खाली बसले आणि तुझंच ऐकत राहिले. कुण्या बाईचं सांगायलतास तू, टोपलं घेऊन एकटी नदीवर गेली म्हणून. कोण बाई ती, मला तवा काई कळंना." पदरानं तिनं ओठ पुसले. "पण चांगलं बोललास. लोक किती टाळ्या वाजवायलते."

तिनं ते टोचायला म्हणलं नव्हतं. मनापासून म्हणलं होतं. मी तिच्या पावलांवर डोकं टेकून रडायला लागलो, वॉर्डातल्या सगळ्या बायका बघत होत्या. आई घाबरली. माझ्या केसांतून हात फिरवत पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "आरं, चांगलं बोललास म्हणलं की. चांगलंच बोललास."